थोरलीचा बिल्ला

“उद्या सकाळी सहाला निघायचं. छिन्न्या, हातोड्या, टोपल्या, सगळं आजच बोटीवर चढवा,” मॅडम म्हणाल्या आणि नकाशावर बोटाने रेघ ओढली. “पश्चिमेच्या खडकावरचा रोग पाण्याबरोबर मधल्या खडकावर पोचलाय. आता पाळी पूर्वेची. तो तिथं जायच्या आत चांगली साठ प्रवाळं उपटून आपल्या टाक्यांत आणायची.”

“मागच्या खेपेला निम्मी टाकीत जगली नव्हती,” डॉक्टर हळूच म्हणाला.

“माहितेय. निम्मी जगली, असं म्हणा.”

डॉक्टरने मान डोलावली आणि उजवा तळहात पँटला पुसला. तो कोरडाच होता, तरी त्याने पुन्हा पुसला.

या संशोधन केंद्राची तऱ्हाच न्यारी होती. प्रवाळांवर रीतसर डॉक्टरेट मिळवलेल्या बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणत, आणि दहावीत दोनदा आपटलेल्या या पाणबुड्याला डॉक्टर. प्रवाळ म्हणजे लोकांच्या लेखी दगड. पण त्या दगडावर जिवंत कातडी असते, आणि या रोगात ती कडेकडेने सोलवटून खालचा पांढराफटक सांगाडा उघडा पडतो. शंभर वर्षांचा जीव दोन महिन्यांत आटोपतो. डॉक्टर पिचकारीतून मलम काढून जखमेच्या कडेला अंगठ्याने दाबून बसवायचा. धक्क्यावरचे लोक विचारत, “काय डॉक्टर, आज कुठल्या दगडाला सर्दी?” तो म्हणायचा, “तुमच्यापेक्षा माझे पेशंट बरे. कुरकुर नाही, की नसते प्रश्न नाहीत.”

बोटीवर एक पाटी होती: ‘आधी निरोगी, मग आजारी. वर आलं की सगळं ब्लीचच्या टबात, दहा मिनिटं.’ कारण हा रोग माणसाच्या हातमोज्यांवर बसूनही हिंडतो. पाटी डॉक्टरनेच रंगवली होती, तीही चांगल्या ठसठशीत अक्षरात.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तो नियम त्यानेच मोडला होता. त्या दिवशी पश्चिमेच्या खडकावरचं एक म्हातारं प्रवाळ त्याच्या हाताखाली गेलं. मेलेल्या प्रवाळाचा नंबराचा बिल्ला काढून आणायचा, अशी पद्धत. तो काढताना डॉक्टरला एकदम थोरलीची आठवण आली. थोरली म्हणजे मधल्या खडकावरचं प्रवाळ, खाटेएवढं, अंगभर वळ्या पडलेलं. एकेचाळीस नंबरचा बिल्ला तिला त्यानेच एकवीस वर्षांपूर्वी ठोकला होता. ती बरी आहे ना, एवढंच बघायचं होतं. परतीच्या वाटेवर बोट मधल्या खडकापाशी थांबली होती, बोटवाला पेंगत होता, पाठीवरच्या टाकीत हवा शिल्लक होती. डॉक्टर ब्लीचच्या टबाकडे न बघता तसाच खाली उतरला. थोरली ठणठणीत होती. पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तसा त्याने तिच्यावर तळहात ठेवला आणि वर आला.

परवा तिच्यावर पांढरा डाग दिसला.

दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याला बसवेना. तो उठायचा, मोरीत जायचा, हात धुऊन यायचा. त्याची बायको सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिला लोक अर्थातच डॉक्टरीणबाई म्हणत.

“अहो, हात सोलून निघतील. तिसऱ्यांदा धुताय. झालंय काय?”

त्याने सगळं सांगून टाकलं. ती ताट वाढायची थांबली.

“न धुतलेल्या हातानं दुसऱ्या पेशंटला हात लावलात तुम्ही,” ती म्हणाली.

“अगं, पाण्यानंच आला असेल रोग. मॅडमही तेच म्हणतात.”

“मग त्यांना सांगायला का घाबरताय?”

“पाण्यात परत उतरू देणार नाहीत. मला दुसरं येतंय काय?”

“आणि न सांगता उद्या साठ उपटलीत, त्यातली तीस मेली, म्हणजे? झोप येईल?”

त्याने ताट पुढे ओढलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यालाही कळत होतं.

“जेवतो आणि जातो.”

“नाही. आधी जा, मग जेवा.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मोजे ब्लीचमध्ये घातले होते?”

“नाही.”

“हात लावलात?”

“लावला. सवयीनं.”

“पाटी कोणी लिहिलीय?”

“मीच.”

खिडकीबाहेर बोटीवर टोपल्या चढत होत्या. मॅडमनी उठून खिडकी उघडली. “टोपल्या उतरवा रे! उद्याचं रद्द!” मग त्या वळल्या. “तुमच्या हातानं गेला असेल, तर तो पाण्याबरोबर सरकतोय असं नाही, आणि पूर्वेला इतक्यात धोका नाही. महिनाभर नजर ठेवू, डाग दिसला तरच उपटू. बोटीवर टबापाशी उद्यापासून तुम्ही. पाण्यात नाही.”

“मॅडम, पण माझ्याच हातानं गेला का?”

“पाण्यानंही आला असेल. आता कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.”

त्याला वाटलं होतं, कबूल केलं की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. मॅडमनी चारचौघांत ताडताड बोलायला हवं होतं, नाहीतर तुमचा दोष नाही म्हणायला हवं होतं. यातलं काहीच हाती न लागता तो घरी गेला आणि गार झालेलं जेवण जेवला.

त्यानंतर रोज तो बोटीच्या मागच्या टोकाला टबापाशी उभा राहू लागला. थोरलीला मलम लावायला आता लंबू जायचा. लंबूही पाणबुड्या, डॉक्टरच्याच हाताखाली शिकलेला. तो वर आला की डॉक्टर एकच विचारायचा, “कडेला नीट दाबलंस ना?” पूर्वेच्या खडकावर पाच आठवडे झाले तरी डाग दिसला नव्हता.

सहाव्या आठवड्यात लंबू वर आला आणि त्याने मूठ उघडली. एकेचाळीस नंबरचा बिल्ला होता. कडा झिजलेल्या, पण आकडा स्वच्छ वाचता येत होता.

“ठेवा तुमच्याकडे,” लंबू म्हणाला. “टाका खिशात. कोण बघतंय?”

डॉक्टरने बिल्ला घेतला, टबात सोडला आणि घड्याळात पाहिलं.

“दहा मिनिटं,” तो म्हणाला. “मोजेही टाक.”