उपमहाराजांची उपग्रहबांधणी

आमच्या गच्चीवर याआधी एवढी माणसं जमली होती ती पाण्याची टाकी फुटली तेव्हा. त्या वेळी सगळे खाली बघत होते, या वेळी सगळे वर बघत होते, एवढाच काय तो फरक.

सूर्य बुडून तासभर झाला होता. टाकीला पाठ लावून, प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगाभोवती राखाडी शाल घेऊन उपमहाराज डोळे मिटून बसले होते. एकाएकी त्यांनी हात उचलला आणि गरजले, "ओळीने या!"

आणि आले हो! समोरच्या इमारतीमागून एक दिवा वर सरकला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. दोऱ्यात ओवल्यासारखी ठिपक्यांची लांबच लांब ओळ, आवाज नाही की धूर नाही, शिस्तीत आमच्या डोक्यावर आली. तळमजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "आई शप्पथ!" काका बँकेतून निवृत्त झालेले. सही जुळत नाही म्हणून त्यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी लोकांना परत पाठवलं होतं.

"विझा!" उपमहाराज म्हणाले. पहिला दिवा विझला. दुसरा त्याच जागी आला आणि विझला. तिसराही. गच्चीवर अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला.

या गृहस्थांना उपमहाराज का म्हणायचं, असं मी सुरुवातीलाच कुणाला तरी विचारलं होतं. "महाराज वर असतात, हे उप," असं उत्तर मिळालं. वर म्हणजे कितव्या मजल्यावर, हे विचारायचं राहून गेलं.

"नऊ ग्रह कुणाच्या काळचे?" उपमहाराजांनी आता डोळे उघडले होते. "तुमच्या आजोबांच्या! मोठे साहेब आहेत ते. लांब बसतात, कधीतरी सही करतात. मला सांगा, माणसाला छळतं कोण? साहेब, की साहेबाच्या हाताखालचा?"

"हाताखालचा!" गच्ची एकमुखाने ओरडली.

"त्याला काय म्हणतात?"

"उप!"

"मग ग्रहाच्या हाताखालचा कोण?"

"उपग्रह!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एका कचेरीत उपव्यवस्थापक आहे. आजूबाजूच्या चारपाच जणांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"पूर्वी उपग्रह एकच होता, चंद्र," उपमहाराज पुढे म्हणाले. "आता? रोज नवे सोडतायत! हजारोंनी! अहो, एवढे उप एका खात्यात भरले तर त्या खात्याचं काय होईल? तेच तुमच्या शरीराचं झालंय. गुडघे का दुखतात? उप! झोप का येत नाही? उप! पोरं का ऐकत नाहीत?"

"उप!"

मग शालीतून एक काळी दांडी निघाली. ज्याच्या अंगात उपग्रहाने ठाण मांडलंय त्याच्यापुढे ती वाजते, असं कळलं. बँकवाल्या काकांच्या खिशापाशी ती कुईकुई वाजली. काकांनी खिसा घट्ट धरला, जणू उपग्रह तिथून पळणार होता. आणखी दोघांजवळ वाजली. मग ती माझ्या ताईसमोर आली आणि तिच्या छातीपाशी अशी किंचाळली की ताईने डोळेच मिटले.

"थेट काळजात बसलाय," उपमहाराज हळूच म्हणाले. "बाई, तुम्हाला चक्कर येते."

येत होतीच. मागच्या महिन्यात ताई कापड बेतता बेतता टेबलावरच आडवी झाली होती, हातात कात्री तशीच. ही गोष्ट अख्ख्या इमारतीला माहीत होती. उपमहाराजांची बायको तीन दिवस इमारतीत घरोघर फिरून तांब्याच्या चकत्या खपवत होती, त्यामुळे तिलाही माहीत होती. पण त्या क्षणी हे आठवण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. ताई तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवराबायको तिच्या दुकानात गेलो. ताई माझी थोरली बहीण, एकटी राहते, कपडे शिवते. तिचं हृदय मध्येच ठोका गाळतं. डॉक्टरांनी पेसमेकर सुचवला होता. पूर्वीसारखी छातीत डबी नाही, वायर नाही, एक टपोरी कॅप्सूल फक्त. मांडीच्या शिरेतून नळीने हृदयात नेऊन सोडायची, आणि ठोका गळला की ती बारीकसा धक्का देऊन आठवण करते. सोमवारी भरती व्हायचं ठरलं होतं.

"सोमवारचं रद्द," ताई म्हणाली. छातीवरची एक टाचणी उपसून तिने ती बाहीला लावली, दुसरी उपसून दातांत धरली. "शुक्रवारी बांधणी आहे. कोरे कपडे घालून गेलं की उपग्रह बांधून टाकतात. मग वाजत नाही."

"ताई, ते यंत्र आहे, त्याला..."

"शहाण्या, तू गप्प बस." माझं खरं नाव ताई बहुधा विसरली आहे. "डॉक्टर स्वतःच म्हणाले, त्या गोळीची खबर आपोआप दवाखान्यात जाते. कुठून जाते? वरूनच ना? म्हणजे मी त्याला काळजात आयतं घर बांधून देऊ?"

मी बायकोकडे पाहिलं. ती शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे पृथ्वीवरच्या यच्चयावत गोष्टींवर तिचा अधिकार चालतो. पण ती वाद घालेना. तिने ताईच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "वन्सं, खरं सांगा. उपग्रहाची भीती वाटते, की ऑपरेशनची?"

ताईने हातातली बाही टेबलावर ठेवली. "अगं, काळजात हात घालणार गं ते," ती म्हणाली. दातांतली टाचणी खाली पडली. "आणि पुढची चक्कर जिन्यात आली तर, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला जिना सरळ उतरवतच नाही. धरून धरून येते. कुणी म्हणत असेल, कापाकापी नको, नुसतं बांधून टाकतो, तर मला ते ऐकावंसं वाटतं. बास."

घरी येताना बायको म्हणाली, "डोळे मिटून ध्यान करणाऱ्या माणसाच्या नाकावर निळा उजेड कुठून पडतो?"

"दैवी तेज असेल."

"शालीत मोबाइल आहे त्याच्या. आणि त्याने विझा म्हणण्याआधीच पहिला दिवा मंद व्हायला लागला होता. मी बघत होते."

शुक्रवारी गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. ताई दुकानातून तशीच आली होती, कोऱ्या कपड्यांची पिशवी काखेत. नेमक्या वेळी खाली आमच्या घरी जाऊन बदलून यायचं होतं. माझ्या हाताचा आधार घेत ती जिना चढली. दर टप्प्यावर थांबत होती आणि थांबलोच नाही असं दाखवत होती.

"आज मी सगळे बांधणार!" उपमहाराजांनी जाहीर केलं. "आज या इमारतीच्या डोक्यावर एकही उप फिरकणार नाही. आकाश मोकळं! ज्यांच्या छातीवर चकती आहे त्यांनी निर्धास्त असावं!"

"एकही नाही ना?" गर्दीतून आवाज आला. माझ्या बायकोचा.

"एकही नाही, बाई!"

"मग हा कोण निघालाय?" ती पुढे आली. ताईच्या दुकानातली लाकडी पट्टी तिच्या हातात होती. ती पट्टी तिने पश्चिमेला धरली आणि वर्गात हजेरी घेताना लावते तो आवाज लावला. "ये!"

क्षणभर काही झालं नाही. नवरा म्हणून ही वेळ अवघड असते. मग कारखान्याच्या धुराड्यावर एक ठिपका उगवला. परवाच्या सगळ्या दिव्यांपेक्षा ठसठशीत, न लुकलुकता, घाईच्या माणसासारखा सरळ वर आला.

"डोक्यावरून जा," बायकोने आज्ञा केली. तो गेला. "आता त्या मोबाइलच्या टॉवरच्या पुढे जाऊन विझ." टॉवर ओलांडला, तांबूस झाला आणि विझला.

मग बँकवाले काका दोन्ही हात जोडून पुढे सरसावले आणि तिच्या पायांशी बसले. "वहिनीमहाराज!"

"काका, उठा!"

"आमच्या गुडघ्यांचं तेवढं..."

"उठा म्हणते ना! गुडघे दुखतायत आणि खाली कशाला बसताय?" ती इतकी चिडली की काका एका दमात उठले. कुणी तरी पुटपुटलं, "बघा, गुण आला!"

"अरे देवा," बायको म्हणाली आणि तिने मोबाइल सगळ्यांपुढे धरला. पडद्यावर आकाशाचा नकाशा होता, त्यावर एक वाकडी रेघ, आणि खाली येण्याची न् विझण्याची वेळ. "तो माझ्या सांगण्यावरून आला नाही, मी त्याच्या वेळेवर आले. ते अंतराळस्थानक आहे. त्यात माणसं राहतात, आपल्यासारखीच. परवाची ओळ म्हणजे नुकतेच सोडलेले उपग्रह. सुरुवातीला ते एकामागोमाग जातात, नंतर पांगतात. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून ते चमकतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की विझतात. सगळे एकाच जागी विझले, कारण सावलीची कड तिथे होती. आणि उपग्रह म्हणजे ग्रहाचा कारकून नव्हे हो! ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. हा फोन कुणाच्याही खिशात असू शकतो. शालीत सुद्धा."

सगळे शालीकडे बघू लागले. नेमका त्याच वेळी शालीतून गजर वाजला. आजची ओळ येण्याची वेळ झाली असावी.

पण उपमहाराज असे हार जाणारे नव्हते. "आकाश सोडा!" ते ओरडले. "या माउलीच्या काळजात काय आहे ते तर खरं ना?" त्यांनी दांडी ताईच्या छातीसमोर नेली. कुईईई! गर्दी मागे सरकली.

ताईचा चेहरा पडला. "तुझं आकाशाचं पटलं गं," ती बायकोला म्हणाली, "पण हे वाजतंय ना. माझ्याच छातीत वाजतंय." आणि ती भर गच्चीत रडायला लागली.

बायकोने पुढे होऊन तिला मिठी मारली आणि लगेच किंचाळली, "आई गं!"

"काय झालं?"

"टोचलं काहीतरी! वन्सं, केवढ्या टाचण्या लावल्यात!"

ताईने खाली मान घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. कामाच्या सवयीने खोवलेल्या टाचण्या, दिवसभराच्या, चांगली मूठभर. ती रडायची थांबली. डोळे पुसले आणि एकेक टाचणी उपसून माझ्या तळहातावर ठेवू लागली. "फिरवा," ती उपमहाराजांना म्हणाली.

"अजून मुहूर्त..."

"फिरवा हो!"

दांडी फिरली. चूं नाही की चां नाही.

बँकवाल्या काकांनी सावकाश खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याची सही जुळत नव्हती.

"महाराज, तुमची शिवण उसवलीय इथे," ताई मऊ आवाजात म्हणाली. सवयीचा हात पुढे गेला आणि उपमहाराजांच्या छातीवर, बरोबर काळजावर, एक टाचणी खोवली गेली. मग तिने दांडीचं टोक धरून तिकडे वळवलं.

कुईईई!

"अगंबाई," ताई म्हणाली, "थेट काळजात बसलाय."

त्यानंतरचं हसू पुढच्या चौकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. उपमहाराज जिन्याने उतरले, चकत्यांच्या पिशव्यांसह, आणि ते मात्र कुठेही न थांबता.

रात्री ताई म्हणाली, "शहाण्या, भीती अजून वाटतेच आहे."

"मग?"

"मग काय? सोमवारी तू बरोबर ये. गप्प बसणार असशील तर."

ती कॅप्सूल आता तिच्या हृदयात आहे. जिना ती गाणं गुणगुणत उतरते. गाणं बेसूर असतं, पण त्याला डॉक्टरही काही करू शकले नाहीत. परवा एका मोठ्या दुकानाच्या दारातली तपासणीची चौकट ती आत शिरताना वाजली. रखवालदार गोंधळला. मागच्या बायका कुजबुजल्या. ताईने त्याला पेसमेकरचं कार्ड दाखवलं, मग जरा विचार करून छातीवरून हात फिरवला, दोन टाचण्या काढून त्याच्या हातात दिल्या आणि पुन्हा आत शिरली. चौकट गप्प.

माझं म्हणणं एवढंच आहे. आकाशात काही चमको, छातीत काही वाजो, घाबरायला हरकत नाही. घाबरणं माणसाचा हक्क आहे. फक्त कुणाच्या पाया पडण्याआधी वाकलोच आहोत तर एकदा टाचणी शोधावी.