काळ्या सुईचा दुसरा भाग

महिपतरावांनी स्पिरिटचा दिवा फुंकून विझवला, लसीची नळी परत बर्फाच्या पेटीत ठेवली आणि बंद दाराची कडी वाजवली. आत्ताच हे दार उघडं होतं. त्यांनी ओट्यावर बसून दिवा पेटवला, टोचणी ज्योतीवर धरली, तोच बाईनं दार लावून घेतलं होतं.

"भाभी, बच्चे को बाहर लाओ. दो मिनट का काम है."

"हमें नहीं लगवाना टीका," आतून आवाज आला. "हमने सनीमा देखा है."

शेजारच्या ओट्यावरची चिमुरडी त्यांच्या हाताकडे पाहून किंचाळत घरात पळाली. "अम्मा, काली सुई आ गया!"

शिंदे की छावनीतल्या या गल्ल्यांमधून महिपतराव तेवीस वर्षं देवी टोचत फिरले होते. बापानं शिंद्यांच्या फौजेत नोकरी केली, यांनी आरोग्यखात्यात. संस्थान गेलं, मध्यभारत आला, आणि आता महिन्यापूर्वी तोही जाऊन राजधानी भोपाळला गेली. दर वेळी फक्त कागदावरचा शिक्का बदलला. लोकांनी मात्र त्यांच्या तोंडावर दार कधी लावलं नव्हतं. त्या सकाळी अकरा दारं लागली.

दुपारी त्यांनी सायकल दाल बाजाराकडे वळवली आणि टॉकीजमध्ये जाऊन 'काली सुई की वापसी'चा तीनचा खेळ पाहिला.

दोन वर्षांपूर्वी पहिला भाग फार चालला होता. त्यात एक माथेफिरू डॉक्टर काचेच्या भांड्यात भयंकर रोगाचा जंतू वाढवतो आणि शेवटी स्वतःच त्यानं मरतो. या भागात तो थडग्यातून उठून टीकेवाला, म्हणजे लस टोचणारा, होतो आणि गावोगाव तोच जंतू टोचत हिंडतो. पैसे फार नसावेत कंपनीकडे. इस्पितळाची भिंत दार आपटलं की हलायची. एकच गल्ली तीन गावं म्हणून दाखवली होती. मेलेली बाई श्वास घेत होती, आणि वटवाघळाचा दोरा मागच्या खुर्च्यांवरूनही दिसत होता. लोक खदाखदा हसत होते.

मग तो टीकेवाला एका पोराचा दंड धरतो. त्याचा मदतनीस म्हणतो, दवा खराब आहे. टीकेवाला त्याच्याकडे पाहतो, मान हलवतो आणि टोचतो. तेवढा वेळ थिएटरात कुणी हसलं नाही. महिपतरावांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. दिवे लागले तेव्हाही तो त्यांच्या हातातच होता.

मॅनेजर पांडुरंगराव जुने ओळखीचे. त्यांनी महिपतरावांना आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला.

"हा खेळ बंद करा, पांडुरंगराव. लोक पोरांना टोचू देत नाहीत. फाल्गुनात देवी आल्या तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"माझ्या हातात आहे का ते? शुक्रवारपर्यंत करार आहे. पुढं राहील की नाही, तेही लोकांच्या मतावर." पांडुरंगरावांनी एक पुठ्ठ्याचा डबा पुढे सरकवला. "कंपनीनं चिठ्ठ्या छापून पाठवल्या आहेत. चित्र कैसा लगा, ते लिहायचं. लोकांना आवडलं तर तिसरा भाग काढणार. तुम्हीही लिहा की. मनापासून शिव्या घाला."

"लोकांनी काय लिहिलंय?"

"बघा ना. मला तर वाचायला फुरसत नाही." पांडुरंगराव पुढच्या खेळाची गर्दी पाहायला बाहेर गेले.

महिपतरावांनी चष्मा पुसला. पहिली चिठ्ठी हिंदीत होती: 'एकदम रद्दी. भूत से ज़्यादा डर कुर्सी के खटमलों से लगा.' दुसरी: 'पहला भाग अच्छा था. इसमें कहानी ही नहीं.' त्यांना हसू आलं, बरंही वाटलं. तिसरी: 'सब झूठ. मगर सुईवाले होते ऐसे ही हैं.' चौथीत, पाचवीत, पुन्हा तेच. भूत कुणालाच पटलं नव्हतं. सुई सगळ्यांना पटली होती.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी मराठीत होती.

'चित्रपट सुमार. नेपथ्य हास्यास्पद. लस बिघडली आहे हे ठाऊक असूनही तो माणूस हात थांबवत नाही, एवढा एकच प्रसंग खरा वाटला.'

खाली नाव नव्हतं. पण ज्या मुलाचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, त्याचं अक्षर बापाला परकं कसं होईल?

संस्थान विलीन झालं तो मे महिना. कचेऱ्यांची उलथापालथ चाललेली, तीन दिवस बर्फ आला नव्हता. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं याच्या याद्या तयार होत होत्या. ज्याचा टोचण्यांचा आकडा कमी, त्याची नोकरी जाणार, असं सगळे म्हणत होते. त्यांचा मुलगा रमाकांत तेव्हा अठरा वर्षांचा. सायकलला पेटी बांधून देताना तो म्हणाला होता, "बाबा, नळ्या तर गरम लागताहेत." महिपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं होतं आणि सायकल काढली होती. चार दिवस ते टोचत होते. पुढच्या फाल्गुनात देवी आल्या आणि त्या चार दिवसांत टोचलेली नऊ मुलं गेली. आयांनी देवीचा कोप म्हणून कपाळाला हात लावला. रमाकांत त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. आठ वर्षांत कधीच नाही.

पांडुरंगराव परत आले तेव्हा महिपतराव चिठ्ठ्या डब्यात भरत होते.

"मग? लिहिलंत काही?"

"नाही."

"अहो, लिहा! एक तर मत विरुद्ध पडू द्या."

"सगळी मतं आली आहेत," महिपतराव म्हणाले, आणि उठले.

खासगी बाजार मोहल्ल्यातल्या घरी ट्रंका उघड्या पडल्या होत्या. रमाकांतचा सचिवालयातून भोपाळला तबादला झाला होता, परवाची गाडी होती. तो वळकटीला दोरी आवळत होता. महिपतराव पेटी घेऊन आत आले, तशी त्याच्या बायकोनं, राजलक्ष्मीनं, घडीचे कपडे सोडून दहा महिन्यांच्या लेकीला, मधुला, कडेवर घेतलं.

"बाबा, आज नको," रमाकांत मान वर न करता म्हणाला. "मधुला जुकाम आहे, नाक वाहतंय."

गेल्या महिन्यात दात येत होते म्हणून नको. त्याआधी आमांश. महिपतरावांनी पेटी कोपऱ्यात ठेवली.

"मी टोचत नाही. भोपाळला पोचलात की दवाखान्यात घेऊन जा. पण टोचून घ्याच. आणि आधी नळी हातात घेऊन बघ. गार असली तरच. गरम लागली तर समोरच्याला सांग, टोचू नको म्हणून. वयानं मोठा असला तरी सांग. नुसतं सांगून थांबू नकोस, हात धर त्याचा."

दोरी रमाकांतच्या हातात तशीच राहिली. त्यानं बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तुम्ही टॉकीजमध्ये गेला होतात?"

"हो."

रमाकांत काहीतरी बोलेल म्हणून महिपतराव उभे राहिले. तो खाली वाकला, वळकटीवर गुडघा रोवून त्यानं दोरी ओढली आणि एकावर एक दोन गाठी मारल्या.

महिपतराव खोलीतून बाहेर पडेपर्यंत राजलक्ष्मीनं मधुला खाली ठेवलं नाही.