पांढऱ्या धोतरावरचं पितळ

हवाई दलाचं हेलिकॉप्टर राळेगावच्या रामरावांच्या वावरात उतरलं तेव्हा कापसाची वेचणी ऐन रंगात होती. पंख्याच्या वाऱ्यानं फुटलेला कापूस उडून बांधापर्यंत गेला, वेचणाऱ्या बाया ओट्या सावरत पळाल्या. पायलट मात्र हुशार होता. त्यानं कापसाच्या पराट्या वाचवल्या आणि सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात चाकं अलगद टेकवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. शेपटाकडच्या गिअरबॉक्सचा तांबडा दिवा लागला होता, एवढंच.

दुपारी चारच्या सुमारास युनिटची जीप आली. तिच्यातून फ्लाइट लेफ्टनंट राखी राठोड उतरली, आणि तिच्यामागून अवजारांची पेटी घेऊन वॉरंट ऑफिसर राजकुमार. राखी युनिटची इंजिनीअर होती. कुठलं हेलिकॉप्टर उडायला योग्य आणि कुठलं नाही, हे ठरवणाऱ्या कागदावर शेवटची सही तिची. वय एकोणतीस. समोर उभं असलेलं हेलिकॉप्टर तिच्याहून अकरा वर्षांनी मोठं होतं.

"काहून बंद पडलं जी हे?" रामरावांनी विचारलं. मास्तर परीक्षा घेतो तशी त्यांची नजर तिच्यावर होती.

"बंद नाही पडलं, काका. दुखून राह्यलं म्हणून सांगत हाय," राखी म्हणाली.

रामराव चमकले. "आपल्याकडची दिसतं पोट्टी!"

"केळापूरकडचा तांडा हाय आमचा."

मग काय, रामरावांनी बायकोला हाक मारली, कोकिळाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला आणि तिथून पुढे त्या घरातलं कोणी राखीला 'मॅडम' म्हटलं नाही.

शेपूट उंच होतं. रामरावांनी ट्रॅक्टरची ट्रॉली खाली आणून लावली आणि तिच्यावर उभं राहून राजकुमारनं गिअरबॉक्सचं चुंबकी बूच काढलं. तेलातला लोखंडाचा चुरा हे बूच धरून ठेवतं. बुचाला केसासारखा बारीक काळा चुरा लागला होता. नियमाप्रमाणे त्यांनी तो पुसला, वीस मिनिटं इंजिन जमिनीवरच चालवलं आणि बूच पुन्हा काढलं. पुन्हा चुरा. शिवाय तिळाहून लहान असा एक चपटा कण.

राजकुमारनं कण मोजला, पुस्तक उघडून बघितलं. "मर्यादेत आहे मॅडम. जेमतेम, पण आहे. सही करता येते."

सव्वीस वर्षं या यंत्रांवर हात काळे केलेला माणूस बोलत होता. राखीनं मान हलवली, पण पेन काढलं नाही. "राजकुमारजी, हाच दिवा गेल्या महिन्यातही लागला होता ना?"

"लागला होता. उड्डाणाचे अकरा तास झाले त्याला. तेव्हाही मर्यादेतच होतं."

या गिअरबॉक्सचं ठरलेलं आयुष्य कधीच सरलं होतं. नवा मिळत नाही म्हणून वरून दोनदा मुदत वाढवून आली होती. राखी युनिटमध्ये आल्याला चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिने ती रोज सकाळी फळ्यावर तेच लिहीत होती: हेलिकॉप्टरं सात, उडण्याजोगी तीन. कधी दोन. बाकीची कुठल्या ना कुठल्या सुट्या भागाची वाट बघत हँगरमध्ये उभी.

"तेल गाळून बघू," ती म्हणाली.

"गाळायचा कागद संपलाय मॅडम. मागणी गेलीय दिवाळीआधीच."

राखी कोकिळाबाईंकडे वळली. "काकू, घरात पांढरं पातळ फडकं हाय का? धुतलेलं, जुनं?"

कोकिळाबाई घराकडे गेल्या आणि रामरावांचं धुऊन धुऊन मलमलीसारखं मऊ झालेलं धोतर घेऊन आल्या. रामराव एकदा हं म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. राजकुमारनं गिअरबॉक्समधलं तेल धोतराच्या चौघडीतून हळूहळू डब्यात सोडलं. मग राखीनं ते कापड मावळतीच्या उन्हात ताणून धरलं.

काळ्या डागात चार-पाच पिवळे ठिपके चमकत होते.

"सोनं हाय का काय?" रामराव वाकले.

"पितळ हाय काका." राखीचा आवाज एकदम शांत झाला होता. "आत बेअरिंग असते, तिच्या गोळ्या जागेवर ठेवायला पितळेची कडी असते. ती झिजून राह्यली. चुंबक लोखंड धरते, पितळ नाही धरत. म्हणून बुचाला हे कधी दिसलंच नाही."

राजकुमारनं पुस्तक मिटलं. "म्हणजे अकरा तास आपण..."

राखीनं युनिटप्रमुख सीओ साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरचं ओझं तिला ठाऊक होतं. जंगलात गस्त घालणाऱ्या तुकड्यांमधला कोणी जखमी झाला तर त्याला उचलून आणायला दोन हेलिकॉप्टरं तयार ठेवायची, असा हुकूम होता. आणि तयार होती ती दोनच, त्यातलं एक इथे वावरात.

"पुस्तकात बसतंय म्हणतेस ना?" साहेबांनी विचारलं. "मग चाळीस मिनिटांचं उड्डाण आहे. इथे आणा, इथे उघडू."

"बुचावरचा कण बसतो सर. धोतरावरचं पितळ बसत नाही. मी सही करणार नाही."

"धोतर?" साहेब म्हणाले. "बरं. मग उपाय सांग. नुसतं नाही म्हणू नकोस."

राखीकडे उपाय होता. तो तिला स्वतःला आवडत नव्हता, इतकंच. हँगरमधल्या चार नंबरच्या हेलिकॉप्टरला इंजिनाचा पंप नव्हता, पण शेपटाचा गिअरबॉक्स जेमतेम दोनशे तास चाललेला होता. दोन माणसांनी उचलावा एवढाच तो. एकाचं काढून दुसऱ्याला लावायच्या या खेळावर तिनंच दोन वेळा लेखी हरकत घेतली होती.

"चार नंबरचा काढून उद्या सकाळी जीपनं पाठवा सर."

"चार नंबरचा पंप आठवड्यात येतोय. मग ते बसून राहील."

"बसू द्या सर. दोन अर्धवट उभी करण्यापेक्षा एक धड उभं करू. तोवर तिथल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरला एकट्यानं निभवावं लागेल, ते मलाही दिसतंय."

"पाठवतो," साहेब म्हणाले. "लेखी दे सगळं. पितळासकट."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्स आला. सबंध गाव बांधावर गोळा झालं होतं, पण कोकिळाबाईंनी बायांना कामाला लावलं होतं आणि हेलिकॉप्टर उभं असलेल्या रानाकडे कोणाला फिरकू देत नव्हत्या. ट्रॉलीवर राजकुमार आणि राखी, खाली रामराव हात देणार. जुना उतरला, नवा चढला. एक बोल्ट पक्का बसेना. राजकुमार म्हणाला, थोडा दाबून बसवू. राखीनं तो काढायला लावला, आटे साफ करवले आणि मग तो अंगठ्यानं फिरवला तरी आत गेला. पंख्याचा तोल जमवण्यात उरलेला दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटं इंजिन चाललं. बूच कोरडं, धोतराचा दुसरा तुकडा स्वच्छ. राखीनं सही केली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"तुम्ही जीपनं या की मॅडम," पायलट म्हणाला.

"सही माझी आहे," ती म्हणाली.

हेलिकॉप्टर उठलं. खाली रामराव डोक्यावरची टोपी धरून उभे होते. राखी सगळा वेळ शेपटाचा आवाज ऐकत होती. चाळीस मिनिटांत तो एकदाही बदलला नाही. त्या दोन दिवसांत जंगलातून हाक आली नव्हती. ते नशीब होतं, आणि राखीनं त्याचं श्रेय घेतलं नाही.

जुना गिअरबॉक्स उघडला तेव्हा पितळी कडीला तीन ठिकाणी तडे होते. साहेबांनी ती कडी तळहातावर घेऊन पाहिली आणि सगळ्या हेलिकॉप्टरांच्या गिअरबॉक्सचं तेल कापडातून गाळायचा हुकूम काढला. तयार असलेल्या दुसऱ्यातही पितळ निघालं. दुसऱ्या दिवशी राखीनं फळ्यावर लिहिलं: सात, उडण्याजोगी एक. सहा आठवड्यांनी नव्या बेअरिंग आल्या, चार नंबरचा रखडलेला पंप आला आणि आणखी एकाचा अडलेला भागही मिळाला. तेव्हा फळ्यावर चार लिहिलं गेलं. युनिटमध्ये दोन वर्षांत हा आकडा कोणी पाहिला नव्हता.

पुढच्या सुट्टीत तांड्यावर जाताना राखी राळेगावला उतरली. पिशवीत रामरावांसाठी नवं धोतर होतं.

"याची काय गरज होती?" ते म्हणाले, आणि घडी मोडून उन्हात धरून बघू लागले.

"त्यात काही नाही काका," राखी हसली. "कोरं हाय."