डोळखांबच्या पावतीवर धसई

डोळखांबच्या भात खरेदी केंद्रावर संगणक आला आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. शेतकरी गोजरने पोती काट्यावर चढवली, पावती हातात घेतली. वर ठळक छापलं होतं दुसऱ्याच केंद्राचं नाव, ‘धसई’.

“मी इथं, भात इथं, आन पावती धसईची? माझा भात चालत गेला काय रे?”

रांग हसली, पण हसत हसत पोती परत जीपमध्ये चढवू लागली.

चूक हनुमानची. सगळ्या केंद्रांवरचे संगणक तोच लावायचा. हाताने लावायचा कंटाळा, म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. चालवला की घड्याळ, प्रिंटर, पावती, सगळं आपोआप बसायचं. लिहिला धसईत, म्हणून धसईचं नाव त्याच्या पोटातच लिहून टाकलेलं. दुसऱ्या केंद्रावर जाताना तो प्रोग्रॅम उघडून नाव बदलायचा. या वेळी प्रोग्रॅममध्ये इतर ठिकाणी बदललं, पावतीवर राहिलं.

“सोमवारी असंच झालं तर मशीन उचल,” व्यवस्थापक बाळाराम म्हणाले. “आमी हातानं लिहू. आन तू दुसरं काम बघ.”

शनिवारी हनुमानच्या चुलत बहिणीची, रविनाची हळद. भिमीआत्या धवले, लग्नाची गाणी, गात होती. गावातल्या प्रत्येक लग्नात तीच गायची. गाणी तीच, नावं त्या त्या घरची. आदल्या दिवशी ती दुसऱ्या मांडवात गायली होती. रंगात येऊन तिने गाण्यात रविनाच्या शेजारी कालचा नवरदेव गणू बसवला.

“हा गणू कोन गो?” नवरदेवाची, म्हणजे नामाची, आत्या हळद घेऊन आली होती, ती उठलीच.

“येतोय मागून!” कोणीतरी ओरडलं. मांडवात हशा पिकला.

भिमीआत्याने शेजारणीला जवळ ओढलं. “नावं तू कानात सांग. इसरलीस तर मी नुसतं ‘नवरदेव’ म्हनेन. कुनालाबी चालंल.”

हनुमान हळदीच्या अंगानेच घरी पळाला. प्रोग्रॅममधली सगळी नावं त्याने बाहेर काढली. प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल. प्रोग्रॅमने तिथून नाव घ्यायचं, नाव नसेल तर नुसतं ‘भात खरेदी केंद्र’ छापायचं.

सोमवारी गोजरची पावती निघाली. ‘भात खरेदी केंद्र’. डोळखांबची फाइल भरायचीच राहिली होती.

हनुमानने बाळारामांकडे बघायचं टाळलं.

“आमचं नाव नाय,” गोजर म्हणाला, “पन दुसऱ्याचं तरी नाय. भर नाव, मी हाय इथंच.”

हनुमानने फाइलमध्ये एक शब्द लिहिला. प्रोग्रॅमला हातही लावला नाही. नवी पावती आली, ‘डोळखांब’.

बाळारामांनी ती दोनदा वाचली आणि रांगेकडे वळून म्हणाले, “चला, पुढचं पोतं घ्या.”