बरोबरीचे घर

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझ्यात शब्दांचे अर्थ आहेत आणि बारीक अक्षरांत त्यांची कुळेही दिली आहेत. एका प्राध्यापकांच्या टेबलावर माझे सारे आयुष्य गेले.

रोजच्या उघडझापीने एकदा माझी पाठ फाटली, पाने सुटली. प्राध्यापकांची बायको पुस्तके बांधणाऱ्याची मुलगी होती. वडिलांच्या हाताखाली पुस्तके शिवता शिवताच ती इंग्रजी वाचायला शिकली होती. तिने आठ दिवस मला मांडीवर घेतले. पान न् पान शिवले, खळ लावली, नवे कापड चढवले. मी पुन्हा ताठ उभा राहिलो.

पुढे एका छापखान्याचे मालक घरी आले. मला उलटसुलट करून पाहत म्हणाले, "ही बांधणी वहिनींची? वहिनी, आमच्याकडे मुलींना हे काम शिकवायला याल?"

तिचा चेहरा उजळला. ती काही बोलणार, तोच प्राध्यापक हसले. "अहो, ती कसली शिकवतेय! चार टाके घालता येतात, झालं."

"सर, वहिनींना असं डिस्पॅरेज करू नका," मालक म्हणाले. चहाचे कप उचलून आत जाताना तिने तो शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तो माझ्यात शोधला. अर्थ होता, कमी लेखणे, हिणवणे. तो तिला न वाचताही ठाऊक होता. मग तिचे बोट खाली सरकले. शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधले होते : बरोबरीचे नसलेल्या घरी लग्न लावणे. ती ओळ तिने दोनदा वाचली. कितीतरी वेळ तिने पान मिटले नाही.

संध्याकाळी तिने विचारले, "अहो, मी तुमच्या बरोबरीची नव्हते का?"

"आता हे काय नवीन काढलंस?" वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणाले.

तिने मालकांना नकार कळवला. बांधणीची सुई पुन्हा हातात धरली नाही. चार वर्षांनी आजारपणात ती गेली.

माझे पुठ्ठे परत सैल झाले, तेव्हा प्राध्यापक मला बांधणीच्या दुकानात घेऊन गेले. म्हाताऱ्या कारागिराने माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कोणी केलंय हे? असा हात मी जन्मात पाहिला नाही."

"माझ्या बायकोनं."

"मग माझ्याकडे कशाला आणलंत? त्यांनाच द्या की!"

मला छातीशी धरून प्राध्यापक तसेच परत आले.

मित्रांनो, माझ्यातला शब्द कधीही उघडून पाहता येतो. कौतुकाचा शब्द मात्र, माणूस ऐकायला आहे तोवरच बोला.