काटे वेचलेला तळ

तलावाच्या तळाचं चित्र रंगवायचं काम ताईकडे आलं तेव्हा साहेब अवघडून म्हणाले, "तुमचा सख्खा भाऊ आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"मीच करते," ती म्हणाली. कचेरीत हे काम येणारं दुसरं होतं तरी कोण? आणि खरं सांगायचं तर तिला काही वाटतच नव्हतं. धाकटा मासे धरायला गेला आणि होडीसकट बुडाला, तेव्हापासून तिला भूक नव्हती की रडू नव्हतं. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाली होती.

काम तसं सोपं. मोजणीच्या बोटीने पाण्यात आवाज सोडून तळाची खोली टिपलेली असते. त्या बिंदूंचा संगणकावर पृष्ठभाग करायचा आणि उंचीप्रमाणे रंग भरायचे. सर्वांत खोल ते निळं, सर्वांत उंच ते लाल, मधे हिरवं-पिवळं. रंग कुठून कुठे ताणायचे हे सॉफ्टवेअरच ठरवतं. जे सर्वांत उंच ते लाल, मग तो डोंगर असो की वीतभर चिखल. राईचा पर्वत करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही.

मोजणीत खोटे बिंदूही येतात. मधेच एखादा मासा येतो, बुडबुडे येतात, आणि सपाट तळातून एकच सुई वर आल्यासारखी दिसते. कचेरीत तिला काटा म्हणत. एक काटा राहिला की सगळा लाल तोच खातो आणि बाकीचा तळ निळाच्या निळा राहतो. म्हणून आधी काटे वेचायचे, मग रंग भरायचे, हा तिथला शिरस्ता. ताईचं बोट त्या बटणावर आपोआप जायचं. या वेळीही गेलं.

चित्र देखणं आलं. त्यातल्या लाल उंचवट्यांवर पाणबुडे दोन दिवस उतरले आणि चिखलाने माखून रिकाम्या हातांनी वर आले. आज संध्याकाळी शोध थांबवायचं ठरलं.

दुपारी भावजय कचेरीत आली. खुर्चीच्या कडेला टेकून पडद्याकडे बघत राहिली.

"ताई, एवढे डोंगर आहेत खाली?"

"डोंगर कुठले गं. वीतभर चिखल आहे. रंगामुळे तसं वाटतं."

"मग होडी का नाही दिसत?"

"रुतली असेल चिखलात."

"आणि होडीवरचा दिव्याचा खांब? तो तर आपल्या दारापेक्षा उंच. तोही रुतला?"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. खांब बारीक, उंच, एकटा. काट्याची याहून चोख व्याख्या कचेरीत कुणाला करता आली नसती. आणि तो तिने स्वतःच्या बोटाने वेचून टाकला होता.

तिने वेचणी बंद करून पुन्हा रंग भरले. डोंगर नाहीसे झाले. सगळा तळ निळा झाला आणि एका कडेला, जिथे कुणी उतरलंच नव्हतं, तिथे एक लाल काटा उभा राहिला.

"मासा असेल," मागून साहेब म्हणाले.

"मासा बोटीच्या एका फेरीत दिसतो, साहेब. हा सगळ्या फेऱ्यांत जागचा हललेला नाही."

साहेब पाणबुड्यांना फोन लावायला बाहेर गेले.

"होडी तिथे आहे म्हणून हेही तिथेच असतील असं थोडंच आहे?" भावजय म्हणाली. "पाण्यात पडून कुठे तरी काठाला..."

तिने वाक्य सोडून दिलं. धाकट्याला पोहता येत नव्हतं. म्हणूनच ताईने त्याला एकदा शपथ घातली होती, की पाण्यावर असताना कमरेचा दोर खांबाला बांधायचाच. "बायकोने मोकळा सोडला, बहिणीने बांधून ठेवला," म्हणून घरचे त्याला चिडवत. तोही हसायचा आणि दोर बांधायचा.

"दोर बांधला असेल ना हो त्यांनी?" भावजयीने हळूच विचारलं.

ताईने त्या काट्यावरून नजर काढली नाही.

"बांधला असेल," ती म्हणाली. "माझं सगळं ऐकायचा तो." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.