चार बोटं कमी पडलेला धबधबा

मी धबधबा बोलतोय. सोलापूरच्या उत्तरेला, आमच्या पंचक्रोशीत, माझ्याएवढा उंच आणि देखणा धबधबा शोधून सापडायचा नाही. सापडणार कसा? दुसरा धबधबाच नाही. आणि वर्षातले साडेअकरा महिने मीही नसतो. तेव्हा इथं नुसता काळा कातळ असतो, त्याच्यावर सरडे ऊन खात पडलेले.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. प्यायला थेंब नव्हता तेव्हा धबधबा जन्माला आला, ही माझी पहिली खोडी. लोकांच्या हाताला काम म्हणून इथं पाझर तलाव बांधला, जादा पाण्यासाठी कडेचा खडक फोडून सांडवा काढला. तलाव तुडुंब भरला की उरलेलं पाणी सांडव्यावरून वीस-बावीस फूट खाली पडतं. ते उरलेलं पाणी म्हणजे मी.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. जे शिकलो ते शाळांच्या सहलींकडून. पाढे तेरापर्यंत येतात. चौदाचा सुरू झाला की जेवणाची शिट्टी वाजायची.

वाहायला लागलो की मात्र मी कुणाच्या बापाचा नाही. एका दिवसात जाऊन येता येतं म्हणून शहरातली माणसं फटफट्यांवरून येतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणतात. मला बघायला एवढ्या लांब यायचं आणि फोटोसाठी माझ्याकडंच पाठ करून उभं राहायचं, ही कुठली रीत? मग मी एखाद्याची एक चप्पल पळवतो. एकच. दोन नेल्या तर माणूस विसरून जातो, एक नेली की वर्षभर आठवण काढतो. नवी पेठेतून नवा पांढरा शर्ट घेऊन आलेल्या नवरदेवाला मी असा भिजवला होता, की त्याची बायको हसून हसून खडकावरच बसली.

पण माझी सगळ्यात लांबलेली थट्टा झाली ती गंगाधर मास्तरांची.

मास्तर सोलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या शाळेची सहल दरवर्षी सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी आटोपल्यावर, म्हणजे डिसेंबरात. सत्तावीस वर्षं त्यांनी पोरं माझ्याकडं आणली, आणि सत्तावीस वेळा मी ठणठणीत कोरडा. मास्तर छडी वर करून सांगायचे, मुलांनो, इथून पाणी कोसळतं, तुषार उडतात, इंद्रधनुष्य पडतं. पोरं विचारायची, कुठं सर? मास्तर म्हणायचे, डोळे मिटा, दिसेल. डोळे मिटून निम्मी पोरं डुलक्या काढायची. पावसाळ्यात मास्तर दोनदा एकटेही येऊन गेले. एकदा आठ दिवस लवकर, एकदा दोन दिवस उशिरा.

निवृत्त झाल्यावर यंदा सप्टेंबरात आले ते बायकोला घेऊन. लीलाबाई सतरंजीवर बसल्या आणि समोर कोरडा कातळ बघून मास्तरांना सगळा जुना पाढा ऐकवला. रोज जेवताना ह्याचंच कौतुक. आमटीत मीठ आहे का विचारलं तरी ह्याचंच. शेजारीपाजारी त्यांना विचारतात, मास्तरांचं बरं आहे ना? शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं.

“आज दिसला तर दिसला. नाहीतर ह्याचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही.”

माझं हसू तिथंच थांबलं. अहो, साडेअकरा महिने मी फक्त त्या एका घरात वाहत होतो. तेवढंही बंद व्हायची वेळ आली.

आदल्या दिवशी वरच्या गावांत पाऊस झाला होता. तलाव भरत आलेला, सांडव्याला फक्त चार बोटं कमी. तिथं म्हशी राखणाऱ्या तिप्पण्णाला लीलाबाईंनी विचारलं, किती वेळ लागेल?

“आत्ता सुटतंय बगा बाई. म्हशी धुऊन हुईपतोर.”

त्यानं म्हशी तीनदा धुतल्या. चार वाजले तरी एक बोट कमीच. पाचची एसटी शेवटची, म्हणून लीलाबाई डबे आवरायला लागल्या. मास्तर मात्र उठून तिप्पण्णाकडं गेले. सगळ्या म्हशी एकदम पाण्यात घाल म्हणाले. वस्तू बुडाली की पाणी वर चढतं, पुस्तकातच दिलंय.

“चढंल की,” तिप्पण्णा म्हणाला. “पन म्हशी पानी पित्यात. त्ये धरलंय का पुस्तकात?”

तरी त्यानं नऊच्या नऊ म्हशी तलावात लोटल्या. मास्तर धोतराचा सोगा धरून काठावर उभे, नजर सांडव्यावर. म्हशी डुंबल्या, फुरफुरल्या, एकमेकींना ढुशा दिल्या. एक लाट आली, सांडव्यावरून ओंजळभर पाणी सांडलं आणि अर्ध्या कातळावरच सुकलं. लीलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. पण सतरंजीची घडी घालायची काही थांबवली नाही.

तेवढ्यात वरच्या ओढ्याचं पाणी तलावात पोचलं. मास्तर आजही म्हशींचंच नाव सांगतात, सांगू देत. आधी कातळावर एक ओली रेघ उतरली, मग दोन. मी जन्मात इतका जोर लावला नव्हता. चप्पल न्यायची शुद्ध नाही, इंद्रधनुष्य जमलं नाही, पण हातभर रुंदीचा का होईना, मी वरून खाली पडलो.

मास्तरांनी बोट वर केलं, तोंड उघडलं, आणि सत्तावीस वर्षं पाठ असलेला धडा त्यांना आठवेना.

लांबून एसटीचा भोंगा ऐकू आला. लीलाबाईंनी तिकडं वळूनही पाहिलं नाही. सतरंजी तिथंच टाकून त्या पदर खोचत कातळापर्यंत आल्या. माझ्याखाली हात धरला, ओला हात तोंडावरून फिरवला. मी आपला मोठ्या ऐटीत त्यांच्या डोक्यावर तुषार उडवले.

त्यांनी मान वर करून मला नीट पाहून घेतलं.

“आलास होय रे?” त्या म्हणाल्या. “सत्तावीस वर्षं मांडीला मांडी लावून आमच्यात जेवायला बसलास. मला वाटलं, अंगानं जरा भरला असशील.”